वॅक्सिंगचे काम : डबा तापविण्याआधी आणि पट्टी ओढल्यानंतर

घराच्या पुढच्या खोलीला पडदा लावून ब्युटी पार्लर चालविणाऱ्या भगिनी आज भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, कोंढवा, मिरज अशा सर्वच ठिकाणी दिसतात. भांडवल थोडे लागते, घर सोडून जावे लागत नाही आणि ग्राहक बहुतेक ओळखीच्या असतात. या कामात वॅक्सिंगला मागणी मोठी, आणि तक्रारीही त्याच्याच जास्त. ओळखीवर चालणारा धंदा असल्यामुळे एखाद्या मुलीचा हात भाजला, तर ती बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचते. मग नवी पाटी लावली तरी उपयोग होत नाही. म्हणून या कामात धोका नेमका कोठे असतो, याची माहिती आम्ही येथे देत आहोत. पार्लरला माल पुरविणाऱ्या दुकानदार बांधवांनीही ती वाचावी. कोणते वॅक्स घ्यावे हे पुष्कळदा त्यांच्याच सल्ल्याने ठरते.

आधी मालाविषयी. बाजारात वॅक्सचे ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला साखरेचा. साखर, लिंबाचा रस आणि पाणी आटवून केलेला हा पाक अरब देशांत फार पूर्वीपासून वापरतात. तिकडे त्याला हलावा म्हणतात. तो पाण्याने धुऊन निघतो. दुसरा राळेचा. चीडच्या झाडापासून निघणारी राळ, तेल व इतर पदार्थ मिसळून हे वॅक्स बनते. ते पाण्याने निघत नाही, तेलाने पुसावे लागते. बारीक केसही पकडते, म्हणून त्याची किंमत जास्त असते. तिसरा प्रकार घट्ट वॅक्सचा, ज्याला आपल्याकडे कटोरी वॅक्स म्हणतात. ते सुकले की पट्टीशिवाय स्वतःच पापुद्र्यासारखे निघते आणि कातडीला कमी चिकटते, म्हणून चेहऱ्यासाठी व नाजूक जागेसाठी ते बरे.

राळेची काही जणींना ॲलर्जी असते. खाज व पुरळ लगेच न येता एक-दोन दिवसांनी येतात, त्यामुळे दोष वॅक्सचा आहे हे लक्षातही येत नाही. ज्या बाईला जखमेवरील चिकटपट्टीने खाज सुटते, तिला राळेचे वॅक्सही बाधण्याचा संभव असतो, कारण अनेक चिकटपट्ट्यांच्या गोंदात हीच राळ असते. नवीन ग्राहकाच्या हातावर आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी वॅक्स लावून काढावे आणि एक दिवस वाट पाहावी. क्रॉफर्ड मार्केटमधून घाऊक माल आणणाऱ्यांनी डब्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापली आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय माल उचलू नये. सुटे वॅक्स स्वस्त पडते खरे, पण त्यात काय घातले आहे ते विकणाराही सांगू शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. पट्टी ओढताना केसाबरोबर कातडीचा सर्वांत वरचा मृत थरही थोडा निघून येतो. निरोगी कातडीला याने काही होत नाही; एक-दोन दिवसांत ती पूर्ववत होते. पण जी कातडी आधीच पातळ झालेली आहे, तिचा जिवंत थरही पट्टीबरोबर सोलून निघतो आणि तेथे लालभडक ओली जखम होते. वॅक्स चांगले आहे, हात सराईत आहे, तरीही असे घडते. म्हणून काय विचारायचे ते डबा तापविण्याआधी विचारले पाहिजे.

पहिला प्रश्न मुरुमांच्या औषधाचा. आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या तरुण मुलींना मुरुमांसाठी दिल्या जातात. त्यांनी कातडी नाजूक होते. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही किमान सहा महिने वॅक्सिंग करू नये, असे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच सांगितलेले असते. ट्रेटिनॉइन किंवा ॲडापालीन असलेले मलम चेहऱ्याला लावत असतील, तर त्या जागी वॅक्स नको. मलम किती दिवस आधी बंद करायचे ते डॉक्टरांना विचारायला सांगावे. तोवर वरच्या ओठाला थ्रेडिंग करून द्यावे.

दुसरा प्रश्न गोरे होण्याच्या क्रीमचा. हा प्रश्न विचारायला भगिनींना संकोच वाटतो आणि उत्तर द्यायला ग्राहकाला त्याहून जास्त. पण आमच्या मते हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. चार-सहा महिने ते चेहऱ्याला चोळले की रंग उजळल्यासारखा वाटतो, मात्र कातडी कागदासारखी पातळ होते आणि बारीक लाल शिरा दिसू लागतात. सरकारने २०१८ साली अशा १४ स्टेरॉइड औषधांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, तरी त्यांचा खप थांबलेला नाही. चेहरा ऊन लागताच लाल होतो, झोंबतो, असे ग्राहक म्हणाली, तर ट्यूबचे नाव विचारावे आणि चेहऱ्याला वॅक्स लावूच नये.

तिसरा प्रश्न मधुमेहाचा. मधुमेह असलेल्या बाईची लहानशी जखमही लवकर भरत नाही आणि जंतू आत शिरले तर आजार वाढतो. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००७ साली अशा एका तरुणीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. मधुमेह आटोक्यात नसताना तिने नाजूक जागेचे वॅक्सिंग करून घेतले, आणि त्यानंतर झालेला संसर्ग तिच्या जिवावर बेतला. ती वाचली. मधुमेह असलेल्या प्रत्येकीला परत पाठवावे असे आम्ही म्हणत नाही. साखर आटोक्यात आहे का, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, हे विचारावे. पाय बधिर असेल तर गरम वॅक्सचा चटकाही तिला कळणार नाही. अशा पायाला हात लावू नये.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा, उन्हाने भाजलेली कातडी, ताजी जखम, पुरळ, ओठावरचे तापाचे फोड, चामखीळ, तीळ या जागा सोडाव्यात किंवा काम पुढे ढकलावे. गरोदर बाईला वॅक्सिंग चालते, पण त्या दिवसांत दुखते जास्त, हे तिला आधी सांगावे.

"बाजी, मागच्या वेळी काही झाले नव्हते, आता कशाला विचारता?" असे ग्राहक म्हणतेच. तिला नम्रपणे सांगावे की औषध मधल्या महिन्यात सुरू झालेले असू शकते. नाही म्हटल्याने त्या दिवसाचे दोनशे-तीनशे रुपये जातील. पण त्याच बाईचा ओठ सोलला गेला तर दवाखान्याचा खर्च कोण देणार, आणि तिची नणंद, जाऊ, शेजारीण पुन्हा येतील का, याचाही हिशेब करावा.

हाताचे काम

गॅसवर तापविलेल्या डब्यात वर घट्ट दिसणारे वॅक्स तळाशी उकळत असते. मायक्रोवेव्हमध्येही ते सारखे तापत नाही. यासाठी तापमान कमी-जास्त करता येणारा हीटरच घ्यावा, आणि काम सुरू करण्याआधी वॅक्स ढवळून त्याचा थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावा. मधासारखे संथ ओघळले पाहिजे. ही परीक्षा प्रत्येक ग्राहकाच्या वेळी करावी, कारण हीटर चालू असताना डबा तापतच राहतो. हीटरची वायर चालण्याच्या वाटेत नको. मुले असलेल्या घरात तर मुळीच नको.

केस साधारण पाव इंच वाढलेले असावेत. त्याहून लहान असले तर वॅक्स त्यांना पकडत नाही आणि त्याच जागी तीन-तीनदा पट्टी मारावी लागते. एका जागी दोनपेक्षा जास्त वेळा वॅक्स लावू नये. राहिलेले दोन-चार केस चिमट्याने काढावेत. लावायचे केस वाढतात त्या दिशेने, आणि ओढायचे उलट दिशेने, एका हाताने कातडी ताणून, पट्टी कातडीला समांतर ठेवून. पट्टी वर उचलून ओढली की केस मध्येच तुटतो आणि कातडीखाली वाढून गाठ धरतो. निळे वण राहतात तेही बहुधा यामुळेच.

सर्वांत वाईट सवय मात्र वेगळीच आहे. स्टीलची वॅक्सची सुरी डब्यात बुडवायची, हाताला लावायची आणि तीच पुन्हा डब्यात. दिवसभरात दहा जणींच्या कातडीला लागलेली सुरी त्या एका डब्यात जाऊन येते. वॅक्स गरम असते म्हणून जंतू मरतात, असा समज आहे. कातडीला सोसेल एवढ्या ऊबेने जंतू मरत नाहीत. वॅक्सिंगमध्ये रक्ताचे सूक्ष्म ठिपके येतातच, आणि कावीळ ब चा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस टिकून राहतो. दर वेळी नवी लाकडी काडी वापरणे हा उत्तम उपाय. काड्यांचा खर्च जड वाटत असेल तर एका ग्राहकापुरते वॅक्स छोट्या वाटीत काढून घ्यावे. मग काडी एकच पुरते, आणि वाटीत उरलेले वॅक्स टाकून द्यावे, डब्यात परत ओतू नये. रोल-ऑनचे चाकही कातडीला लागतेच, तेव्हा तेही माणसागणिक बदलले पाहिजे. जीनच्या कापडाच्या पट्ट्या धुऊन पुन्हा वापरण्याची जुनी रीत आता सोडावी. चिमटा साबणाने घासून वीस मिनिटे उकळावा.

ईद आणि लग्न

घाई सर्वांत जास्त असते ती चांदरातीला. त्या रात्री एकीचे वॅक्सिंग, दुसरीची मेंदी, तिसरीचे फेशियल एकाच खोलीत चालते, आणि डबा जास्त तापलेला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिवाय नुकत्याच वॅक्स केलेल्या हाताला मेंदी झोंबते. काळ्या मेंदीत केस रंगवायचे रसायन असते, त्याने फोड येऊ शकतात. अशा हातावर ती कधीच लावू नये. चांद एकोणतिसाव्या रोज्याला दिसतो की तिसाव्या, हे आधी ठरत नाही. म्हणून वॅक्सिंगच्या वेळा सत्ताविसाव्या रोज्यापर्यंत द्याव्यात आणि चांदरात मेंदीसाठी मोकळी ठेवावी. पार्लरच्या दारावर रमजानच्या सुरुवातीलाच तसा कागद लावला तर ग्राहकांनाही सोयीचे होते.

नवरीचे वॅक्सिंग हळदीच्या किमान दोन दिवस आधी झाले पाहिजे, कारण ताज्या कातडीवर हळद आणि उटणे चोळले की आग होते. तिने यापूर्वी कधीच वॅक्सिंग केलेले नसेल, तर लग्नाच्या पाच-सहा आठवडे आधी एकदा करून पाहावे. केस तीन ते सहा आठवड्यांत परत येतात, तेव्हा लग्नाच्या वेळी दुसऱ्यांदा करता येते, आणि काही बाधायचे असेल तर ते आधीच कळते.

पट्टी ओढल्यानंतर

वॅक्सचा चिकटपणा पूर्ण काढून थंड पाण्याचा ओला कपडा ठेवावा, मग वासरहित कोरफडीचे जेल लावावे. त्यानंतर एक-दोन दिवस ग्राहकाने काय करू नये ते तोंडी सांगून भागत नाही. घरी पोचेपर्यंत ती विसरते. चार ओळींची चिठ्ठी झेरॉक्स करून द्यावी. कडक पाण्याची आंघोळ नको. काखेला डिओडरंट नको, अत्तरही नको. अत्तर कपड्याला लावावे. त्याच दिवशी ब्लीच किंवा स्क्रब नको. उन्हात उघड्या हाताने हिंडू नये, आपल्या रंगाच्या कातडीवर त्याचे काळे डाग राहतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या बुरख्याखाली घट्ट बाह्या असल्या की घाम अडून पुटकुळ्या येतात, म्हणून दोन दिवस आत सैल सुती कपडा घालावा. तीन दिवसांनंतर आठवड्यातून दोनदा खरखरीत ओल्या कपड्याने हलकेच चोळावे, म्हणजे नवे केस आत अडकत नाहीत.

थोडी लाली आणि बारीक पुरळ एक-दोन दिवसांत जाते. पू होणे, लाली पसरत जाणे, जागा गरम लागणे, ताप येणे यांपैकी काही झाले तर ते डॉक्टरांचे काम आहे. तेथे पार्लरचे मलम लावू नये.

आणि काळजी घेऊनही भाजलेच तर त्या क्षणी नळाच्या साध्या थंड पाण्याखाली ती जागा वीस मिनिटे धरावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. चिकटलेले गरम वॅक्स खेचू नये; पाण्याखाली ते गार होऊ द्यावे, आणि फोड आलेला नसेल तेवढ्याच जागेचे वॅक्स तेलाने सोडवावे. फोड फोडू नये. चेहऱ्यावर किंवा तळहाताहून मोठ्या जागी भाजले असेल, अथवा फोड आले असतील, तर ग्राहकाला एकटीने घरी न पाठवता बरोबर दवाखान्यात जावे.

शेवटी एका वहीविषयी. शंभर पानी साध्या वहीत प्रत्येक ग्राहकाचे नाव, तारीख, कोणते वॅक्स, कोठे केले, कोणते औषध चालू आहे आणि मागच्या वेळी काय त्रास झाला, एवढे लिहून ठेवावे. ही वही कुलपात असावी, कारण बायका त्यात आपले आजार विश्वासाने सांगतात. नवीन ग्राहकाला तिसऱ्या दिवशी फोन करून हात कसा आहे ते विचारावे, आणि तिचे उत्तरही तिच्याच नावापुढे लिहावे.