दम्याचे मूळ गिरणीत तर नाही?

मालवण परिसरातील कित्येक घरे मुंबईच्या कापड गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरींवर उभी राहिली. मोठ्या गिरणीने चाकरमान्यांना नियमित पगार, भविष्य निर्वाह निधी आणि १९४८ च्या कायद्यान्वये कामगार विम्याचे औषधोपचार दिले. परंतु तेथील कापसाच्या धुळीने अनेकांची फुप्फुसे आणि मागांच्या खडखडाटाने श्रवणशक्ती क्षीण केली. १९८२ च्या संपानंतर हजारोंची नोकरी गेली. व्याधी मात्र उरली.

वाचकहो, घरातील वृद्धांना लागणारी धाप केवळ वयामुळे आहे असे गृहीत धरू नका. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर रुजू होताच छाती आवळत असे काय, हे त्यांना विचारा. कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. श्वसनक्षमता व श्रवण तपासून घ्या; विडी असल्यास आजच सोडवा.