यंत्रमानवाला नेमके काय दिसते?

मुळशीच्या भातखाचरात बैलाने कान टवकारले, की त्याला कशाची तरी चाहूल लागली, हे नांगर धरणारा लगेच ओळखतो. डोळे, कान व मानेच्या हालचालीवरून दुसऱ्याला काय दिसले, काय कळले, याचा अदमास घेणे माणसाच्या अंगवळणी पडले आहे. संगणक क्षेत्रामुळे जगाला परिचित झालेले हिंजवडीही याच तालुक्यात आहे. मात्र, माणसासारखे बोलणारे यंत्र समोर आले, की ही जुनी सवय फसवी ठरू शकते.

शाळा आणि प्रयोगशाळांत वापरला गेलेला 'नाओ' हा ५८ सेंटिमीटर उंचीचा यंत्रमानव याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे डोळे आपल्यावर रोखल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात तेथे रंगीत दिवे आहेत. कॅमेरे आहेत कपाळावर आणि तोंडाच्या जागी. त्यामुळे त्याचे डोळे झाकले, तरी त्याचे पाहणे थांबत नाही. उलट, कॅमेऱ्यासमोरची वस्तू ओळखणारी प्रणाली नसेल, तर चित्र टिपूनही त्याला काहीच कळत नाही.

करोनाच्या साथीत, जून २०२० मध्ये, रेल्वे सुरक्षा दलाने पुणे स्थानकावर प्रवाशांच्या तपासणीसाठी 'कॅप्टन अर्जुन' हा यंत्रमानव आणला. तो शरीराचे तापमान मोजत असे. प्रवाशाला संसर्ग झाला आहे काय, हे त्याला ठाऊक होणे शक्य नव्हते. त्याच्यामार्फत दुतर्फा संवादाचीही सोय होती. अशा वेळी बोलणारे यंत्र, की पलीकडचा माणूस, हे समोरच्याने कसे ओळखावे?

हा संभ्रम नवा नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९, १२ व १५ वर्षे वयाची ९० मुले 'रोबोवी' या यंत्रमानवाशी बोलली. त्याला बुद्धी व भावना आहेत, असे बहुसंख्य मुलांचे मत पडले. वास्तविक, दृष्टीआड बसलेले संशोधक त्याला चालवत होते.

अशी यंत्रे रुग्णालयांत वा वृद्धांच्या सोबतीला येतात, तेव्हा हा गैरसमज महागात पडू शकतो. आजी पडल्याचे यंत्राला दिसेल, या भरवशावर घरचे निर्धास्त राहतात. आणि 'त्याला काय कळते' असे समजून त्याच्यासमोर बोललेले खासगी बोलणे मात्र साठवले जाऊ शकते. म्हणून कॅमेरा कोठे आहे, यंत्र काय ओळखते आणि टिपलेले कोणापर्यंत पोहोचते, हे निर्मात्यांनी स्पष्ट सांगायला हवे. ग्राहकांनीही यंत्र घरात आणण्यापूर्वीच ते विचारून घेणे शहाणपणाचे.