‘कुठं हरवलीस गं?’

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम सुरू झाला की आमच्या गटांतल्या बायका देठं खुडायला बसतात आणि हातांबरोबर गप्पाही चालतात. त्यात एक तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो. ‘पोरगी त्रास काही देत नाही हो, पण कुठं हरवलेली असते कोण जाणे. तीनदा हाक मारावी तेव्हा अं? म्हणते.’ मग कुणी म्हणतं आळशी, कुणी म्हणतं मंद. आठवी-नववीत मार्क कमी पडले की घरात बोलणं निघतं, शिकून काय करणार, स्थळ बघू. एका ‘मंद’ शब्दावर पोरीची शाळा सुटते, म्हणून आज त्याच शब्दाबद्दल बोलू.

मन सारखं भरकटणं, डोक्यात धुकं साचल्यासारखं वाटणं, विचारलेलं समजून उत्तर द्यायला वेळ लागणं. हे सगळं महिनोन्‌महिने, घरीही आणि शाळेतही दिसत असेल तर तो आळस नव्हे. बुद्धी कमी असणं ही तर अगदीच वेगळी गोष्ट. अशा मुलीला प्रश्न कळतो, उत्तरही येतं; पण ते तोंडात येईपर्यंत वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

लक्ष न लागण्याचा त्रास म्हटलं की आपल्याला एका जागी न बसणारा मुलगा आठवतो. त्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. पण मुळीच चळवळ्या नसलेल्या मुलांनाही हा त्रास असतो, हे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० सालीच आपल्या पुस्तकात नोंदवलं. धुकं आणि संथपणा जास्त असेल, तर अभ्यासक त्याला ‘स्लगिश कॉग्निटिव्ह टेम्पो’ म्हणत. ‘स्लगिश’ म्हणजे सुस्त! हे नाव मुलांना कमी लेखणारं म्हणून २०२२ मध्ये ‘कॉग्निटिव्ह डिसएंगेजमेंट सिंड्रोम’ हे नाव सुचवलं गेलं. अजून तो वेगळा आजार म्हणून त्या पुस्तकात नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या कागदावर हे नाव दिसेलच असं नाही. त्रास मात्र खराच असतो. वर्गात दंगा करणारा मुलगा लगेच नजरेत भरतो. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी शहाणी समजली जाते आणि तशीच मागे पडते.

पण हरवल्यासारखं दिसण्यामागे दुसरीही कारणं असतात, आणि ती आधी बघायची. पहिलं म्हणजे रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं. लोह कमी असलं की थकवा येतो, लक्ष टिकत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तरात लपवून आणतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ती जेवणानंतर घ्यायला लावा, आणि त्यावर लगेच चहा नको. डोळे आणि कान तपासा. झोप किती होते तेही बघा. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाण्यासाठी उठणं, मग वर्गात डोकं चालणार कसं?

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. तंद्रीत असलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं. पण बोलता बोलता, घास हातात असताना, मूल एकदम थांबलं, पाच-दहा सेकंद नजर स्थिर, पापण्या फडफडतात, हात लावूनही भान नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढे सुरू, तर ती फिट असू शकते. दिवसातून अनेकदाही येते. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. ईईजी तपासणीत कळतं आणि बहुतेक मुलांना औषधानं चांगला गुण येतो. इथं भगताकडे चकरा मारण्यात महिने घालवू नका. स्मरणशक्तीच्या महागड्या टॉनिकच्या बाटल्यांवर बचतीचे पैसे घालवू नयेत, हेही आमचं स्पष्ट मत आहे.

दाखवायचं कुठं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं आणि गरज असेल तर पुढे पाठवतं. पथक येईल त्या दिवशी शिक्षकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर गप्प मुलगी तिथंही गप्पच राहते. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दाखवता येतं. औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

घरात आपण काय करायचं? लांबून ओरडून चार कामं सांगू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच काम सांगा, आणि तिलाच ते परत म्हणायला लावा. मग थांबा. हे थांबणंच आपल्याला सगळ्यात जड जातं, चुलीवर भाकरी असते ना! तरी मनात दहापर्यंत मोजा. अभ्यास पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत घ्या. शाळेत पुढचा बाक मागा.

लिहिण्या-वाचण्यातही अडचण असेल तर तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना आपल्या राज्यात १९९६ पासून परीक्षेत सवलती आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या पेपरला जादा वेळ मिळतो. ते काम मार्चमध्ये धावपळ करून होत नाही. नववीतच अर्ज करा, मुख्याध्यापकांना भेटा. एकटीला जायला संकोच वाटला तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. कुणाशी आधी नुसतं बोलायचं असेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र सुरू असतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं.