मोडलेला जबडा आणि मिलिमीटरभर जाडीची पट्टी

मीरा-भाईंदरच्या काशिमीरा नाक्यावरून जाणारे दुचाकीस्वार नीट पाहा. कित्येकांची हेल्मेटे फक्त डोके झाकतात. हनुवटी उघडीच राहते. पडताना तिच्यावर आघात झाला तर खालचा जबडा मोडू शकतो.

हाताला प्लास्टर घालता येते. जबड्याला कसे घालणार? पूर्वी वरचे व खालचे दात तारेने एकत्र बांधीत. रोगी कित्येक आठवडे पातळ अन्नावर राही.

एक प्रयोग करा. दोन काडेपेट्या टोकाला टोक लावून ठेवा. सांध्यावर वरून चिकटपट्टी लावा आणि बाहेरची टोके खाली दाबा. सांधा टिकतो. आता पट्टी खालून लावून पाहा. वर फट पडते!

जबड्याचेही तसेच. चावताना मागचे स्नायू त्याला वर ओढतात, पुढे घासाचा दाब खाली येतो. म्हणून दाढांजवळची मोड वरच्या कडेला उघडते, खाली मिटते. फ्रान्सचे शल्यचिकित्सक मॅक्सिम शांपी यांनी १९७८ साली या ताणानुसार पट्ट्यांच्या जागा मांडल्या. त्या जागी सुमारे १ मिलिमीटर जाडीची टायटॅनियमची पट्टी आखूड स्क्रूंनी बसवितात. हनुवटीपाशी हाड पिळलेही जाते, म्हणून तेथे दोन पट्ट्या लागतात. छेद बहुधा तोंडाच्या आतून घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. तोंडही लवकर उघडता येते; मात्र काही आठवडे मऊच खावे लागते.

पडल्यावर दात नेहमीसारखे जुळत नसतील किंवा खालचा ओठ बधिर वाटत असेल, तर ‘मुका मार आहे’ म्हणून घरी बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.