टपालातील गोळी आणि राज्याची सीमा
२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा संवैधानिक हक्क नाकारला व हा प्रश्न राज्यांकडे सोपविला. बंदीच्या राज्यांत दवाखान्यांतील गर्भपात थांबले. टपालाने गोळ्या येतच राहिल्या. न्यूयॉर्कने २०२३ मध्ये परराज्यात गोळ्या पाठविणाऱ्या आपल्या डॉक्टरांना कायदेशीर संरक्षण दिले. जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानाने अशाच एका डॉक्टरवर आरोप ठेवले. गव्हर्नर कॅथी होकुल यांनी प्रत्यर्पणास नकार दिला. संविधानातील प्रत्यर्पणाची तरतूद पळून गेलेल्या आरोपीसंबंधी आहे. ज्या राज्यात पाऊलच ठेवले नाही, तेथून कोणी फरारी कसा होईल? मुलीसाठी गोळ्या मागविणारी आई मात्र लुइझियानातच होती; कायद्याचा हात तिच्यापर्यंत पोहोचला. टेक्सासने तर ४ डिसेंबर २०२५ पासून गोळ्या पाठविणाऱ्यांवर दावा लावण्याचा अधिकार खाजगी नागरिकांनाच दिला. ही बंदीच्या अगतिकतेची कबुलीच म्हणावी लागेल.