बचावाचे हेलिकॉप्टर जमिनीवर का राहते?
सुट्या भागांचा पुरवठा, देखभालीचे गणित आणि बस्तरमधील जखमी जवान

रायपूर : सुकमा आणि बिजापूर जिल्ह्यांच्या सीमेवर ३ एप्रिल २०२१ रोजी झालेल्या चकमकीत २२ जवान हुतात्मा झाले. गंभीर जखमींना हेलिकॉप्टरने रायपूरच्या रुग्णालयांत आणण्यात आले. रायपूर ते जगदलपूर हे रस्त्याचे अंतर सुमारे ३०० किलोमीटर असून वाटेत केशकालचा घाट आहे. सुकमा आणि बिजापूर त्याहूनही दूर. गोळी लागलेल्या किंवा सुरुंगस्फोटात जखमी झालेल्या जवानासाठी पहिला तास निर्णायक मानला जातो. त्या तासाभरात रस्त्याने मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचणे शक्य नसते. गडचिरोलीतील जखमी पोलिसांना नागपूरला नेतानाही हाच प्रश्न असतो.

म्हणूनच लष्करी हेलिकॉप्टरांच्या देखभालीचा विषय केवळ संरक्षण मंत्रालयाच्या फायलींपुरता मर्यादित राहत नाही. ताफ्यात किती हेलिकॉप्टर आहेत, यापेक्षा आज सकाळी त्यांपैकी किती उड्डाणास सज्ज आहेत, यावर जखमीचे प्राण अवलंबून असतात.

दोन प्रकारांवर भिस्त

मध्य भारतातील नक्षलविरोधी मोहिमांना भारतीय वायुदल २००९ पासून हेलिकॉप्टरचे पाठबळ देत आहे. त्यातील प्रमुख हेलिकॉप्टर म्हणजे रशियन बनावटीचे एमआय-१७. सीमा सुरक्षा दलाच्या हवाई शाखेकडील स्वदेशी ‘ध्रुव’चाही या कामासाठी वापर झाला आहे. १९ ऑक्टोबर २०११ रोजी रांचीजवळ असेच एक ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला होता.

ध्रुवची निर्मिती हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी करते. त्याचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९९२ मध्ये झाले, तर सैन्यदलांना ते २००२ पासून मिळू लागले. शोध आणि बचावकार्यासाठी त्याची ‘मार्क-३’ ही सागरी आवृत्ती तयार करण्यात आली. टेहळणी रडार, रात्री पाहू शकणारे संवेदक आणि गरजेनुसार बसवता येणारा अतिदक्षता कक्ष अशी सामग्री तिच्यात आहे. २०२१ पासून ही हेलिकॉप्टर नौदल आणि तटरक्षक दलात दाखल झाली.

बचाव करणारेच संकटात

या नव्या ताफ्यामागील अडचणींची मालिका २०२३ मध्ये ठळक झाली. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाच्या ध्रुवला मुंबईच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरावे लागले. तिन्ही कर्मचाऱ्यांची सुटका झाली. २६ मार्चला कोची विमानतळावर तटरक्षक दलाचे, तर ४ मे रोजी जम्मू-काश्मीरमधील किश्तवाड येथे लष्कराचे ध्रुव अपघातग्रस्त झाले. त्यानंतर नियंत्रण यंत्रणेतील दांड्यांची तपासणी झाली आणि ॲल्युमिनियमच्या दांड्यांऐवजी पोलादी दांडे बसवण्याचा निर्णय घेण्यात आला.

२ सप्टेंबर २०२४ च्या रात्री तटरक्षक दलाचे ध्रुव पोरबंदरनजीक समुद्रात एका टँकरवरील जखमी कर्मचाऱ्याला आणण्यासाठी गेले असता कोसळले. चारपैकी तिघांचा मृत्यू झाला. त्याआधीच्या वादळी पावसात याच हेलिकॉप्टरने गुजरातमध्ये ६७ जणांचे प्राण वाचवले होते. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर विमानतळावर सरावादरम्यान आणखी एक ध्रुव कोसळून दोन वैमानिक आणि एक पाणबुड्या मृत्युमुखी पडले.

या दुसऱ्या अपघातानंतर देशातील सुमारे ३३० ध्रुव हेलिकॉप्टरांची उड्डाणे थांबवण्यात आली. तपासात ‘स्वॉशप्लेट’ हा भाग तुटल्याचे आढळले. वैमानिक हातातील दांड्याने देत असलेला आदेश फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारी ही चकती आहे. तिचा एक भाग स्थिर असतो, तर दुसरा पात्यांबरोबर फिरतो. ती तुटल्यास वैमानिक कितीही कुशल असला, तरी हेलिकॉप्टर त्याच्या ताब्यात राहत नाही. सखोल तपासणीनंतर १ मे २०२५ रोजी लष्कर आणि वायुदलाच्या आवृत्त्यांना पुन्हा उड्डाणाची मुभा मिळाली. समुद्रावर बचावकार्य करणाऱ्या नौदल आणि तटरक्षक दलाच्या आवृत्त्या मात्र तेव्हाही जमिनीवरच राहिल्या.

एकाच प्रकारच्या हेलिकॉप्टरवर सर्व दले अवलंबून असण्याचा लाभ मोठा आहे. प्रशिक्षण, अवजारे आणि सुटे भाग सामायिक राहतात. त्याची दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे. एका भागातील दोष उघड झाला, की सियाचीनपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत सगळीकडची सेवा एकाच दिवशी थांबते.

सुट्या भागांचे गणित

हेलिकॉप्टरच्या अनेक भागांचे आयुष्य वर्षांत नव्हे, तर उड्डाणाच्या तासांत मोजले जाते. ठरलेले तास पूर्ण झाले, की भाग वरकरणी उत्तम दिसत असला तरी तो बदलावाच लागतो. गिअरबॉक्स, इंजिन, पात्यांचा मध्यभाग असे काही भाग काढून कारखान्यात पाठवतात आणि दुरुस्तीनंतर ते परत येतात. भाग परत येईपर्यंत राखीव भाग उपलब्ध नसेल, तर हेलिकॉप्टर उभेच राहते.

उदाहरणादाखल, एखाद्या तळावर चार हेलिकॉप्टर आहेत असे समजू. एक नियोजित तपासणीत, दुसरे सुट्या भागाच्या प्रतीक्षेत आणि तिसरे दुसऱ्या कामगिरीवर असेल, तर जखमीसाठी एकच उरते. तेही बिघडले, तर उभ्या हेलिकॉप्टरमधील भाग काढून त्याला बसवला जातो. या उपायाने आजची निकड भागते. पण त्याच कामासाठी दुप्पट श्रम लागतात आणि ज्यातून भाग काढला, ते हेलिकॉप्टर आणखी मागे पडते.

स्वदेशी असल्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही. ध्रुवसाठी लागणाऱ्या साहित्यापैकी मूल्याने सुमारे ९० टक्के साहित्य परदेशी पुरवठादारांकडून घेतले जाते, असे निरीक्षण नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी (कॅग) २०१० च्या अहवालात नोंदवले होते. एमआय-१७ ची अडचण वेगळी आहे. भारताने या हेलिकॉप्टरच्या ‘व्ही-५’ आवृत्तीची १५१ हेलिकॉप्टर घेतली. त्यांच्या दुरुस्तीची मोठी व्यवस्था चंडीगड येथील वायुदलाच्या तळावर आहे. मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर रशियाकडून येणारे सुटे भाग आणि त्यांचे पैसे चुकते करणे, दोन्ही अवघड झाले.

इतर देशांचा अनुभव

ही अडचण केवळ भारताची नाही. इक्वेडोरने घेतलेल्या सात ध्रुवांपैकी चार अपघातात नष्ट झाल्यानंतर त्या देशाने २०१५ मध्ये करार रद्द केला; सुट्या भागांचा पुरवठा ही त्याची एक तक्रार होती. नॉर्वेने २००१ मध्ये १४ ‘एनएच-९०’ हेलिकॉप्टरांची मागणी नोंदवली होती. जून २०२२ पर्यंत त्यांपैकी केवळ आठ पूर्ण क्षमतेने हाती आली. वर्षाला ३,९०० तास उड्डाणाची गरज असताना ताफ्याची सरासरी जेमतेम ७०० तास होती. अखेर नॉर्वेने सर्व हेलिकॉप्टर परत करण्याचा निर्णय घेतला. कॅनडाने आपल्या ‘कॉर्मोरंट’ बचाव हेलिकॉप्टरांना सुटे भाग मिळावेत, म्हणून २०११ मध्ये अमेरिकेने नाकारलेली त्याच जातीची नऊ हेलिकॉप्टर विकत घेतली.

सज्जतेचा हिशेब

यावर उपाय म्हणून हेलिकॉप्टरच्या किमतीबरोबरच सज्जतेचाही करार करण्याची पद्धत रुजत आहे. तीत पुरवठादाराला प्रत्येक भागाचे स्वतंत्र पैसे मिळत नाहीत. ताफ्यातील ठरावीक हेलिकॉप्टर सदैव उड्डाणयोग्य ठेवण्याची हमी त्याला द्यावी लागते. हमी पाळली गेली नाही, तर देयकात कपात होते. राखीव भागांचा साठा ठेवण्यात त्यामुळे पुरवठादाराचेही हित असते.

तंत्रज्ञांचे महत्त्व बस्तरने जवळून पाहिले आहे. जानेवारी २०१३ मध्ये सुकमा जिल्ह्यात जखमींना आणण्यासाठी निघालेल्या एमआय-१७ वर माओवाद्यांनी गोळीबार केला आणि ते जंगलात उतरवावे लागले. तंत्रज्ञांनी ते दुरुस्त केल्यावर पुन्हा जगदलपूरला उडवत आणण्यात आले. त्या तंत्रज्ञांच्या हाती योग्य वेळी योग्य भाग पडणे हादेखील बचावकार्याचाच हिस्सा आहे. त्यामुळे नव्या हेलिकॉप्टरांच्या खरेदीची घोषणा होईल, तेव्हा संख्येसोबत आणखी दोन आकडे विचारले गेले पाहिजेत : त्यांपैकी किती रोज सज्ज राहतील आणि त्यांच्या सुट्या भागांची तरतूद किती वर्षांची आहे.