शेतकऱ्याचा पंप आणि बंद पडलेली होडी

चिखलात रुतलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने कसा काढावा, हे खेड्यातल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. साखळी कुठे अडकवायची, ओढ हळूहळू कशी घ्यायची, साखळीच्या रेषेत कुणी का उभे राहायचे नाही, हे सारे तो पाहून पाहून शिकलेला असतो. पण हीच ओढाओढ पाण्यावर करायची झाली तर? तिथे पायाखाली जमीन नाही आणि ब्रेकही नाही. ओढणारी होडी हलते, ओढली जाणारी हलते, आणि दोन्हींच्या खालचे पाणीही हलत असते.

इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंड अशा देशांत लोक हौसेखातर होड्या बाळगतात. सुटीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन पाण्यावर जायचे, मासे धरायचे, संध्याकाळी परत यायचे. अशा होड्या मध्येच बंद पडणे हा तिथे नित्याचा प्रकार आहे. तेल संपते, बॅटरी उतरते, टाकीतला गाळ नळीत अडकतो, पंख्याला दोर गुंडाळतो. कारणे आपल्या मोटारसायकलीचीच. फरक एवढाच की मोटारसायकल रस्त्याच्या कडेला लावून ठेवता येते. होडीचे तसे नाही. इंजिन थांबले की वारा आणि ओहोटी तिला खडकाकडे नाहीतर खोल समुद्राकडे नेऊ लागतात.

म्हणून बंद होडी ओढून आणणे हे तिकडे मोठेच काम होऊन बसले आहे. या कामासाठी आज जी यंत्रे वापरतात त्यांतले एक यंत्र एका शेतकऱ्याच्या कारखान्यात वाढले, ही गोष्ट आपल्या वाचकांना नक्कीच आवडेल.

मेंढ्यांच्या रानातला कारागीर

बिल हॅमिल्टन यांचा जन्म १८९९ सालचा, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा. १९२१ साली त्यांनी ‘आयरिशमन क्रीक’ नावाचे मेंढपाळीचे मोठे रान विकत घेतले. हा मुलूख डोंगराळ आणि थंड. गावे दूरदूर, त्यामुळे यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा आपणच. हॅमिल्टन यांनी शेतावरच कारखाना थाटला. वीज हवी म्हणून बांध घालायचा ठरवला, आणि बांधासाठी माती उपसायचे यंत्रही स्वतःच बनवले.

त्या भागातल्या नद्या मोठ्या विचित्र. हिमनद्यांचे पाणी गोट्यांच्या रुंद पात्रातून अनेक फाट्यांनी वाहते. एखाद्या फाट्यात पुरुषभर पाणी, तर शेजारच्यात घोटाभर. साध्या मोटारबोटीचा पंखा होडीच्या तळाखाली लोंबत असतो. तो गोट्यांवर आपटला की मोडलाच. अशा नदीतून प्रवाहाविरुद्ध वर जाईल अशी होडी असावी, हे हॅमिल्टन यांचे जुने स्वप्न होते.

१९५३-५४ च्या सुमारास त्यांनी या कामाला हात घातला. पाण्याच्या झोतावर होडी ढकलण्याची कल्पना त्यांच्या आधीच निघाली होती, आणि अमेरिकेत तशी यंत्रेही होती. पण त्यांत झोत तळाखाली सुटायचा. हॅमिल्टन यांनी झोताचे तोंड वर घेतले आणि होडीच्या मागच्या फळीतून, पाण्याच्या पातळीच्या वर, झोत सोडला. तळाखाली काही लोंबते राहिले नाही आणि वेगही वाढला. तरी शोधाचे श्रेय आपले नव्हे, ते आर्किमिडीजचे, असे ते म्हणत. १९६० साली त्यांच्या होड्या अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यन घळईतून प्रवाहाविरुद्ध वर चढून गेल्या. १९७४ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९७८ साली ते वारले.

पंखा नाही, पंप आहे

जेट म्हणजे काय, हे समजायला शेतकऱ्याला चित्र लागत नाही. विहिरीवरचा पंप डोळ्यांपुढे आणावा. होडीच्या तळाला जाळी बसवलेले तोंड असते, ते आपल्या सक्शनचे. आत इंजिनावर फिरणारा इंपेलर असतो. तो पाणी ओढतो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून जोराने फेकतो, ती डिलिव्हरी. डिलिव्हरीचा पाइप हातातून सुटला की तो पाण्याच्या उलट दिशेला कसा उसळतो, हे आपण पाहिलेले आहे. तो धक्काच होडीला पुढे नेतो.

सुकाणूची पाटीही लागत नाही. झोताचे तोंड डावी-उजवीकडे वळवले की होडी वळते. मागे यायचे असेल तर त्या तोंडावर एक वाकडी झडप उतरवतात. झोत उलटा पुढच्या बाजूला वळतो आणि होडी मागे येते. इंजिन मात्र त्याच दिशेने फिरत राहते.

ओढण्याची रीत

आता ओढण्याकडे वळू. बंद पडलेल्या होडीतल्या माणसांनी पहिली गोष्ट करायची ती नांगर टाकण्याची. होडी एका जागी राहिली तर मदत पोचेपर्यंत ती खडकावर जात नाही. दुसरी गोष्ट, सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घालायची. तिसरी, होडी सोडून पोहत निघायचे नाही. तरंगती होडी लांबून दिसते, पाण्यातले डोके दिसत नाही.

ओढायला दोर नायलॉनचा चांगला, कारण तो ताणला जातो आणि झटका पोटात घेतो. पण ताणलेला नायलॉन तुटला तर चाबकासारखा मागे येतो आणि त्याने माणसे मेलेली आहेत. म्हणून दोराच्या रेषेत कुणीही उभे राहायचे नाही, आणि दोर कापायला धारदार सुरी हाताशी ठेवायची. दोर कठड्याला बांधायचा नाही, कठडा उपटून येतो. पुढच्या टोकाला पक्की कडी असते, तिलाच बांधायचा.

ओढणाऱ्या होडीवर दोर एकाच कोपऱ्याला बांधला तर ती एका अंगाला खेचली जाते. म्हणून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपासून दोन दोर घेऊन ते मधोमध जोडतात, जशी जोडीतल्या दोन्ही बैलांवर ओढ सारखी यावी. दोराची लांबी लाटा पाहून ठरवायची. दोन्ही होड्या एकदमच लाटेवर चढल्या पाहिजेत आणि एकदमच उतरल्या पाहिजेत. एक चढतीवर आणि दुसरी उतरतीवर असली की दोर कधी ढिला पडतो, कधी झटका देतो, आणि झटक्यानेच तुटतो.

वेगाचा मोह तर अगदी नको. भरल्या पोटाच्या जड होडीला तिच्या लांबीप्रमाणे वेगाची मर्यादा असते. पंचवीस फुटी होडीला ती ताशी सुमारे १२ किलोमीटर पडते. त्यापुढे ओढले तर होडी पाण्यात मागून बसू लागते आणि दोरावरचा ताण एकदम वाढतो. बंदरात शिरताना लांब दोर उपयोगाचा नाही. तिथे दोन्ही होड्या कडेला कड लावून घट्ट बांधतात, आणि ओढणारीचे मागचे टोक दुसरीच्या थोडे मागे ठेवतात, म्हणजे जोडी नीट वळते.

जेटचे गुण

या साऱ्या कामात जेटचा पहिला गुण माणसांच्या जिवाशी निगडित आहे. बंद होडीजवळ कधीकधी कुणीतरी पाण्यात पडलेले असते. उघडा फिरता पंखा अशा माणसाचा काळ होतो. जेटला बाहेर पंखाच नाही. दुसरा गुण दोराचा. ओढण्याचा दोर ढिला पडून पाण्यात बुडाला की तो उघड्या पंख्याला गुंडाळतो, मग एकीच्या जागी दोन होड्या बंद. जेटमध्ये हा धोका बराच कमी.

तिसरा गुण उथळ पाण्याचा. वेगात असताना लहान जेट होडी वीतभर पाण्यावरूनही निघून जाते. वाळूत रुतलेल्या होडीपर्यंत तीच पोचू शकते. चौथा गुण असा की ती जागच्या जागी वळते आणि चटकन थांबते. पाचवा गुण इंजिनवाल्याला कळेल. होडीवर ओझे कितीही असो, पंप इंजिनावर भार तेवढाच टाकतो. त्यामुळे ओढताना इंजिन दम खात नाही.

इंग्लंड-आयर्लंडच्या किनाऱ्यांवर लोकांचे जीव वाचवणारी संस्था १८२४ साली स्थापन झाली. ती देणग्यांवर चालते, आणि तिच्या होड्यांवर जाणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. या संस्थेने २०१४ साली डंजनेस येथे ‘शॅनन’ जातीची पहिली होडी कामाला लावली. कोणत्याही हवामानात जाणाऱ्या त्यांच्या होड्यांत जेटवर चालणारी हीच पहिली जात. लांबी सुमारे ४५ फूट, वेग ताशी सुमारे ४६ किलोमीटर, आणि उलटली तरी आपोआप सुलटी होणारी. तिला किनाऱ्यावरून पाण्यात नेतो तो पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर! काम संपले की होडी सरळ वाळूवर चढवतात, ट्रॅक्टर तिला गाड्यावर घेतो आणि गाडा जागीच फिरवून तिचे तोंड पुन्हा समुद्राकडे करतो. तळाखाली पंखा असता तर वाळूवर असे चढणे जमले नसते. तिचे जेट हॅमिल्टन यांच्याच कंपनीचे आहेत.

आणि अवगुण

एकच बाजू सांगितली तर ती जाहिरात होईल. निव्वळ ओढण्याच्या ताकदीत जेट मागे पडते. थोडे पाणी फार जोराने फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू ढकलले तर कमी वेगात त्याच इंजिनातून जास्त ओढ मिळते. म्हणूनच मोठी जहाजे ओढणाऱ्या टगबोटींना आजही मोठे, सावकाश फिरणारे पंखेच असतात. मळणीचे यंत्र आणि उसाची गाडी यांना एकच गिअर चालत नाही, तसेच हे.

दुसरे असे की जेटला झोताशिवाय सुकाणू नाही. इंजिनाची गती उतरवली की वळणे संपले. नवखा माणूस घाबरून गती कमी करतो आणि नेमका आपटतो. तिसरा अवगुण पंपवाल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जाळीला शेवाळ, प्लॅस्टिक, दोराचे टोक लागले की पाणी ओढणे बंद. वाळूच्या पाण्याने इंपेलर झिजतो. आखूड दोराने ओढले तर झोत मागच्या होडीच्या तोंडावर आदळून तिलाच मागे ढकलतो. आणि पंखा नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. चालू जेटच्या तोंडाशी मोकळे केस, ओढणी, दोर खेचले जातात. माणूस जवळ आला की इंजिन बंदच केले पाहिजे.

ओढाईचे पैसे

अमेरिकेत पूर्वी बंद होड्या ओढण्याचे काम बरेचसे सरकारी तटरक्षक दलावर पडे. १९८२ साली तिथल्या संसदेने त्या दलाला आपल्या धोरणाचा फेरविचार करायला सांगितले. जिवाला धोका नसेल तर ते काम खासगी लोकांना मिळावे, हा हेतू. १९८३ साली न्यूयॉर्क राज्यात ‘सी टो’ ही कंपनी निघाली. वर्षाची वर्गणी भरायची आणि होडी बंद पडली की बोलवायचे, अशी तिची रीत.

समुद्राचा जुना कायदा मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. माणसाचा जीव वाचवल्याबद्दल त्या माणसाकडून पैसे मागता येत नाहीत. पण धोक्यातली होडी किंवा माल वाचवला, तर त्याच्या किमतीच्या मानाने बक्षीस मागता येते, आणि तेही काम फत्ते झाले तरच. साधी ओढाई वेगळी, तिचा दर आधी ठरवता येतो. म्हणून शहाणा मालक दोर हातात घेण्याआधी विचारतो, ‘ही ओढाई, की बचाव?’ बाजारात माल उतरवण्याआधी हमाली ठरवावी, तसेच हे.

आपल्याकडचे पाणी

हे यंत्र आपल्या देशाला परके नाही. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी हे मुळात मधमाश्या पाळणारे. १९७७ साली त्यांनी तीन जेट होड्या घेऊन बंगालच्या उपसागरापासून गंगेतून वर प्रवास केला. नंदप्रयागजवळ धबधबा आडवा आला, तिथे होड्या थांबल्या आणि पुढची वाट पायी झाली. आज आपल्या तटरक्षक दलाच्या अनेक वेगवान गस्ती नौकाही जेटवर धावतात.

कोकणच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेली मुले ज्यावर बसतात ती पाण्यावरची स्कूटरही जेटचीच. ती बंद पडली तर जोराने ओढू नये. ओढताना तळाच्या तोंडातून पाणी दाबाने आत शिरते आणि इंजिनापर्यंत पोचू शकते. ताशी आठ किलोमीटरच्या आतच ओढावी.

उजनीसारख्या जलाशयातून आपली कितीतरी कुटुंबे होडीने ये-जा करतात. तिथे जलपर्णी माजली की जेटची जाळी काही मिनिटांत तुंबेल, तिथे पंखाच बरा. उथळ आणि गोट्यांची नदी असेल, किंवा पाण्यात माणसे असतील, तिथे जेटला तोड नाही. यंत्राची निवड अशी पाण्याकडे पाहून करायची असते, जसे बियाणे जमीन पाहून निवडतो. मात्र होडी कोणतीही असो, तीन गोष्टी तिच्यात असल्याशिवाय घरच्यांना तिच्यात बसू देऊ नका : प्रत्येकासाठी जाकीट, नांगर, आणि एक लांब, न कुजलेला दोर.